घरातली प्रार्थना सुरू करताना

ताई, घरी रोजची प्रार्थना सुरू करताय, फार आनंद झाला! सुरुवातीला दहा मिनिटं पुरेत. ताटं वाढण्याआधीच बसा, जेवणानंतर मुलं पेंगतात.

– वाचन बायबलमधल्या मार्कच्या शुभवर्तमानापासून (येशूच्या जीवनकथेपासून) घ्या. 16च अध्याय, घटना भराभर पुढे सरकतात. बायबलच्या पहिल्या पुस्तकापासून, उत्पत्तीपासून, सुरू करणारी बरीच घरं नियमांनी भरलेल्या तिसऱ्या पुस्तकात, लेवीयात, अडकतात.

– प्रत्येकाने आजच्या एका गोष्टीसाठी उपकार मानायचे. धाकटा ‘डब्यात भेंडी नव्हती’ म्हणाला तरी मोठ्याने आमेन म्हणा.

– प्रार्थनेतून टोमणे नकोत. ‘प्रभू, ह्यांचा राग कमी कर’ म्हटलं की भांडण ठरलेलं. उलट सकाळी मुलावर उगाच ओरडला असाल, तर तिथेच त्याची माफी मागा. कृपा म्हणजे काय, हे मुलांना त्यातूनच कळतं. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं हेच.

उपास, मोठी पाठांतरं सध्या राहू द्या. एखादा दिवस चुकला, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा बसा.