परवाना, परवानगी, नोंदणी आणि ती 'व्यवसाय सुलभता'

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका कारखानदार मित्रानं विचारलंय की उद्योजकांच्या बैठकीत 'इज ऑफ डुइंग बिझनेस'वर मराठीत टिपण वाचायचंय, तर त्याला 'व्यवसाय सुलभता' म्हणतात ते बरोबर आहे का, परवाना-परवानगी-ना हरकत-नोंदणी हे सगळं एकच की वेगवेगळं, आणि 'रेड टेप'ला लालफीत सोडून काही अस्सल मराठी आहे का. प्रश्न तीन आहेत पण खरी गोम मधल्यात आहे, तरी क्रमानं जाऊ.

सरकारी कागदात आणि पेपरात सगळीकडं 'व्यवसाय सुलभता'च येतं, ते आता रुळलंय, त्याला चूक म्हणायचं कारण नाही. फक्त बारकाईनं बघितलं तर सुलभ म्हणजे सहज मिळणारं, त्यात लभ् धातू, उलट शब्द दुर्लभ. सुगम म्हणजे जिथं सहज जाता येतं ते, गम् धातू, उलट दुर्गम. आणि सुकर म्हणजे सहज करता येण्याजोगं, त्यात कृ, उलट दुष्कर. मुळात 'डुइंग' आहे म्हणजे करणं आहे, तेव्हा नेमकेपणाचाच हट्ट धरला तर 'व्यवसायसुकरता' व्हायला पाहिजे होतं. हिंदीवाल्यांनी 'सुगमता' उचलली, आपण 'सुलभता' घेतली, आणि सुकर बिचारा 'प्रवास सुकर होवो' एवढ्यापुरता उरला. त्यात 'सुलभ'च्या नशिबी आपल्याकडं एसटी स्टँडवरची पाटी आलीये, त्यामुळं बैठकीत 'सुलभता' म्हटलं की मागच्या रांगेत कुणीतरी खुदकन हसणारच, ते गृहीत धरा. मी असतो तर शीर्षकात सुलभता ठेवली असती कारण सगळ्यांना पटकन कळतं, आणि मजकुरात 'धंदा करणं सोपं होणं' असं सरळ लिहिलं असतं. धंदा म्हणायला लाजायचं काही कारण नाही, लक्ष्मीपुरीत अजून 'धंदापाणी कसं काय?' असंच विचारतात, नाव खराब झालंय ते पेपरातल्या अनेकवचनामुळं, 'धंदे' छापून आलं की मटका आणि हातभट्टी.

जाता जाता, हा शब्दप्रयोग एवढा गाजला तो कुठल्या देशात धंदा करणं किती सोपं याच्या जागतिक बँकेच्या क्रमवारीमुळं. २०१४ च्या ऑक्टोबरात आलेल्या अहवालात भारत १४२ वा होता, २०१९ च्या ऑक्टोबरात ६३ वा झाला, आणि मग आकड्यांत गडबड केल्याचं बाहेर आल्यावर बँकेनं २०२१ च्या सप्टेंबरात तो अहवालच बंद करून टाकला. त्या क्रमवारीत भारत म्हणून मोजायचे ते मुंबई आणि दिल्ली, कोल्हापूरचा त्यात काही संबंध नव्हता, त्यामुळं टिपणात ६३ चा आकडा सांगून टाळी घ्यायची असली तर जरा जपून.

आता मधला प्रश्न. परवाना आणि परवानगी दोन्ही फारसीतून आलेत आणि एकाच घरातले आहेत, पण मराठीत दोघांनी कामं वाटून घेतली. परवाना म्हणजे हातात पडणारा कागद, हुकूम लिहिलेला. परवानगी म्हणजे होकार, तो कागदावर असेल नाहीतर तोंडी असेल. पेशव्यांच्या दप्तरात नोंदीच्या शेवटी 'परवानगी रूबरू' असा शेरा येतो, म्हणजे हुकूम समोरासमोर मिळाला. 'परवाना रूबरू' हे मात्र होणार नाही. आजही आपण आईची परवानगी काढतो, परवाना काढत नाही, आणि बंदुकीचा परवाना असतो.

कायद्याच्या बाजूनं बघितलं तर परवान्यामागं एक गृहीतक असतं, ही गोष्ट करायला मुळात बंदी आहे आणि तुम्हाला सरकार सूट देतंय. नोंदणीत बंदी नसते, गोष्ट तुम्ही करू शकता फक्त तुमचं नाव वहीत घालायचं आणि नंबर घ्यायचा. त्याच्या खाली अजून एक पायरी आहे, सूचना, म्हणजे नुसतं कळवायचं, समोरच्यानं हो म्हणायची वाटच बघायची नाही. परवाना, नोंदणी, सूचना या उतरंडीत तुमचं काम कुठल्या पायरीवर आहे त्यावर तुमचे हेलपाटे ठरतात, आणि आर्थिक सुधारणा म्हणून जे काही चाललंय त्यातला बराचसा भाग म्हणजे एकेक काम वरच्या पायरीवरून खालच्या पायरीवर आणणं. म्हणून म्हटलं की हे शब्द एकच समजू नका, टिपणात एकाच्या जागी दुसरा पडला तर अर्थच उलटा होतो.

१९५१ च्या उद्योग कायद्यानं मोठा कारखाना काढायचा, वाढवायचा किंवा त्यात नवीन माल करायचा तर दिल्लीचा परवाना लागायचा. त्या कारभाराला राजाजींनी (चक्रवर्ती राजगोपालाचारी) 'लायसन्स परमिट राज' म्हटलं आणि मराठीत त्याचं 'परवाना राज' झालं. २४ जुलै १९९१ ला, मनमोहन सिंगांचं बजेट आलं त्याच दिवशी, नरसिंह रावांच्या सरकारनं नवीन औद्योगिक धोरण मांडलं आणि १८ उद्योग सोडून बाकीच्यांचा परवाना काढून टाकला. पुढं तेही कमी होत होत दारूगोळा, घातक रसायनं, सिगारेट असे थोडकेच राहिले. त्या सगळ्या बदलाला आपल्याकडं स्पर्धा परीक्षावाल्यांनी 'खाउजा' असं नाव पाडलंय, खाजगीकरण, उदारीकरण, जागतिकीकरण, आणि मला हा शब्द भयंकर आवडतो, टीका करणाऱ्याला त्यात 'खा' ऐकू येतं आणि पाठांतर करणाऱ्याला फक्त तीन अक्षरं.

पण आमच्या उद्यमनगरातल्या छोट्या कारखानदाराला विचारा, ९१ नं तुमचं कुठलं लायसन गेलं, तर तो म्हणेल कुठलंच नाही. लघुउद्योगांना दिल्लीच्या त्या परवान्यातून सूट होतीच. त्याला ९१ कळलं ते स्पर्धेतून, बाहेरचा माल आला तेव्हा, आणि लघुउद्योगांसाठी राखीव ठेवलेल्या वस्तूंची यादी आखडत गेली तेव्हा, ती २०१५ ला पूर्ण संपली. त्याचे कागद वेगळेच, शॉप अ‍ॅक्ट, वीज, प्रदूषण मंडळ, ग्रामपंचायत किंवा महापालिका, आणि तिथं सुधारणा पोचायला पंचवीस वर्षं गेली.

शॉप अ‍ॅक्टचंच उदाहरण घ्या, भाषेच्या दृष्टीनं ते भारीच आहे. मुंबईकडं त्याला 'गुमास्ता लायसन' म्हणतात, गुमास्ता म्हणजे नेमलेला माणूस, दुकानातला नोकर, हाही फारसीच. कायदा नोकरांच्या कामाच्या वेळा आणि सुट्ट्या बघायला होता म्हणून हे नाव चिकटलं. आपण कोल्हापुरात 'शॉप अ‍ॅक्ट लायसन' म्हणतो. आता गंमत अशी की १९४८ च्या जुन्या कायद्यातही ते लायसन नव्हतंच, नोंदणी होती. २०१७ च्या नव्या कायद्यानं दहापेक्षा कमी कामगार असलेल्याची नोंदणीही काढली, त्यानं फक्त ऑनलाइन कळवायचं आणि पावती घ्यायची. म्हणजे कायदा सूचनेवर उतरला आणि आपल्या तोंडात अजून लायसनच. एका ओळखीच्या वर्कशॉपवाल्याकडं कर्जाच्या कामाला बँकेचा पोरगा आलेला, मी तिथंच बसलेलो. मालकांनी भिंतीवरची फ्रेम दाखवली, "ह्ये काय लायसन, काच पुसून घ्या वाटलं तर." पोरगं वाचून म्हणतंय, "काका, ही पावती आहे, लायसन नाही, आमच्या चेकलिस्टमध्ये लायसन आहे." मालक म्हणाले, "आरं मग सरकारनंच लायसन बंद केलंय तर मी कुठनं छापून आणू?" शेवटी त्या पोरानं साहेबांना फोन लावला आणि साहेब म्हणाले घे तेच. कायदा बदलला तरी पुढच्या टेबलावरच्या फॉर्ममधला शब्द बदलत नाही तोवर जुना कायदा चालूच राहतो असं माझं मत झालंय.

अशा जोड्या बऱ्याच आहेत. खाणावळ टाकायची, रश्श्याचं दुकान काढायचं तर अन्नसुरक्षेच्या नियमांत वर्षाची उलाढाल ठरलेल्या मर्यादेच्या आत असली (२०११ च्या नियमांत ती १२ लाख धरली होती) तर नोंदणी, त्याच्यावर परवाना. प्रदूषण मंडळ परवाना म्हणत नाही, ते 'संमती' म्हणतं, आधी उभारणीची संमती मग चालवायची संमती, आणि २०१६ पासून पांढऱ्या वर्गात टाकलेल्या, म्हणजे प्रदूषण जवळजवळ नसलेल्या उद्योगांना तीही नको, कळवलं की झालं (फौंड्रीवाल्यांनी उगीच खूश होऊ नये, तुमचा वर्ग पांढरा नाही). जमिनीचं तर अजून जुनं आहे, महसूल कायद्याच्या कलम ४४-अ नं औद्योगिक विभागातली जमीन खरोखर उद्योगासाठी वापरायची असली तर आधी बिनशेतीची परवानगी घ्यायची अट काढली, वापर सुरू केल्यावर ३० दिवसांत तहसीलदारांना कळवायचं एवढंच ठेवलं. एरवी बिनशेती झाली की मिळायची ती 'सनद', हा अरबी शब्द, राजाच्या वेळी इनामाची सनद असायची, पुढं प्लॉटची आली, आणि वकिलाची असते. राहिला 'अनुज्ञप्ती', हा लायसनसाठी ठरवलेला सरकारी शब्द, आरटीओच्या कागदावर तुम्ही 'शिकाऊ अनुज्ञप्ती' वाचलं असेल. व्याकरणानं एकदम शुद्ध आहे पण कुणाच्याही तोंडात बसलेला नाही, टिपणात वापरू नका, परवाना पुरे.

'परमिट' वेगळं बरं का. सिमेंट आणि साखरेची परमिटं घेऊन फिरलेली पिढी अजून आहे, त्यात परमिट म्हणजे एका माणसाला एवढा माल उचलायची मोकळीक. महाराष्ट्रात तो शब्द जगवला 'परमिट रूम'नं. १९४९ च्या दारूबंदी कायद्याप्रमाणं विकणाऱ्याला लायसन लागतं आणि पिणाऱ्याला परमिट, आणि आत बसलेल्यांपैकी कितीजणांच्या खिशात ते असतं हा प्रश्न तिथं विचारायचा नाही.

'ना हरकत' माझ्या आवडीचा. अरबीत हरकत म्हणजे हालचाल. हिंदीत तिचा खोडसाळपणा झाला, मराठीत आडकाठी झाली, म्हणजे हललं पाहिजे असं सांगणारा शब्द आपण हलू नये यासाठी वापरतो. गाण्यात मात्र मूळ अर्थ टिकलाय, गवई छोटीशी हरकत घेतो ती हालचालच, आणि अल्लादिया खाँसाहेब जिथल्या दरबारात गायले त्या कोल्हापूरला हे वेगळं सांगायला नको. अर्थाच्या बाजूनं ना हरकत दाखला हा परवाना नव्हे, देणारा एवढंच म्हणतो की माझी अडचण नाही, पुढं परवानगी द्यायची का नाही ते दुसऱ्याचं काम. म्हणून दहा एनओसी गोळा केल्या तरी माणसाकडं परवाना नसतो आणि त्यातली एक राहिली तर काम मात्र अडतं. 'एक खिडकी' योजना निघाल्या त्या याच्यावर उपाय म्हणून, राज्याची 'मैत्री' नावाची अशी खिडकी आहे, २०२३ मध्ये तिला कायद्याचा आधारही दिला. खिडकी एक झाली हे खरं, आतली टेबलं किती उरली ते ज्यानं अर्ज भरलाय त्यालाच विचारा.

अजून एक शब्द तुम्ही विचारला नाही पण टिपणात लागेलच, 'डीम्ड अप्रूव्हल'. मुदतीत उत्तर आलं नाही तर मंजूर झालं असं समजायचं. त्याला कायद्याच्या मराठीत 'मानीव' म्हणतात, फ्लॅटवाल्यांना 'मानीव अभिहस्तांतरण' (डीम्ड कन्व्हेयन्स) माहीत असतं. कोरीव, रेखीव, घडीव तसं मानीव, प्रत्यय अस्सल घरचा आहे, सरकारी परिभाषेत इतका सहज बनलेला शब्द क्वचित सापडतो. कारखानदाराची अडचण एवढीच की मानीव मंजुरी हातात धरता येत नाही, पुढचं ऑफिस कागद मागतं.

आता लालफीत. ती सरळसरळ भाषांतर आहे, आपल्याकडं दप्तर लाल रुमालातही बांधायचे पण तो योगायोग. अस्सल शब्द पाहिजे तर 'दप्तरदिरंगाई' आहे की, यापेक्षा चांगला कुठं मिळणार. दप्तर आणि दिरंग दोन्ही फारसी, दप्तर तर त्याच्याही मागं ग्रीकमधल्या कातड्याच्या शब्दापर्यंत जातं, आणि जोडून मराठीनं स्वतःचं केलं. 'दफ्तर' लिहिलं तरी चालतं, आपल्या तोंडात दप्तर आहे, पोराच्या पाठीवरचं तेच आणि कलेक्टर ऑफिसातलं तेच. 'फाईल दाबून ठेवणे', 'वजन ठेवणे', 'खेटे घालणे' ही त्याचीच पिलावळ, ते बैठकीत बोलताना वापरा, लिहून देऊ नका. आणि टिपणात 'दप्तरदिरंगाई कायदा' असा उल्लेख करणार असाल, कर्मचाऱ्यानं कामाच्या सात दिवसांपेक्षा जास्त फाईल अडकवायची नाही असं सांगणारा तो २००५ चा कायदा, तर एक लक्षात ठेवा की त्याच्या अधिकृत नावात दप्तरही नाही आणि दिरंगाईही नाही. अर्जात लिहायचं तर पूर्ण लिहावं लागतं: महाराष्ट्र शासकीय कर्मचाऱ्यांच्या बदल्यांचे विनियमन आणि शासकीय कर्तव्ये पार पाडताना होणाऱ्या विलंबास प्रतिबंध अधिनियम.