कुलर कोणत्या खिडकीत आहे?

प्रश्न : घरात एकच कॉम्प्युटर घ्यायचा आहे. बजेट मॉनिटरसकट ७५ हजार. यांचं काम टॅली अन् जीएसटीच्या बिलांपुरतं; हॉलमध्ये एका वायरचा ऑल-इन-वन शोभून दिसेल म्हणतात. मुलगा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, तो गेमिंग पीसीवर अडून बसलाय. काय घ्यावं?
– एक वाचक, मानेवाडा, नागपूर

उत्तर : ताई, आधी सांगा, हॉलमधला कुलर कोणत्या खिडकीत आहे? हसू नका. बर्डीवर २२ वर्षं कॉम्प्युटर उघडतोय, मे महिन्यात माझा पहिला प्रश्न हाच असतो.

ऑल-इन-वन म्हणजे बहुतेक वेळा पडद्यामागे चिकटवलेला लॅपटॉप. पंखा बोटभर, हवा जायला चिंचोळी फट. बाहेर ४५ अंश असताना त्यावर गेम चालवला की प्रोसेसर स्वतःला वाचवायला वेग कमी करतो अन् गेम अडखळतो. मागच्या उन्हाळ्यात महालातून एक आला होता, कुलरच्या थेट झोतात ठेवलेला. जुनं एटीएम कार्ड फटीत सरकवून झाकण काढलं, तर पंख्याच्या पात्यांवर धुळीचा नमदा अन् बोर्डाच्या कडेला बोअरच्या पाण्यातल्या क्षाराची पांढरी रांगोळी. बोर्ड गेला होता. पडदा चांगला, पण नुसत्या पडद्याचं काय करता? टेबलावर तसाच उभा राहिला.

मुलाच्या गेमचं गणित वेगळं. आरटीएक्स ४०६० हे मधलं ग्राफिक्स कार्ड, म्हणजे गेमची चित्रं पडद्यावर उभी करणारा वेगळा भाग, एकटंच ११५ वॅटपर्यंत खातं. तेवढ्यात तर साधा ऑल-इन-वन अख्खा चालतो! म्हणून त्यात पुढे कार्ड बसवू, हा विचार सोडा. रॅम, फार तर एसएसडी (फायली साठवायची जागा) वाढेल.

फक्त साहेबांसाठी घ्यायचा असता तर मीच ऑल-इन-वन सांगितला असता. माझ्या सासऱ्यांकडे आहे, वर्तमानपत्रं अन् भजनं, त्यांचं छान चाललंय.

तुम्ही असेंबल्ड, म्हणजे सुटे भाग जोडून बनवलेला डबा घ्या, मॉनिटर वेगळा. टॅली कशावरही पळते. पोराला हवं ते कार्ड आज बजेटात बसलं नाही, तर आत ग्राफिक्स असलेला रायझन प्रोसेसर घ्या अन् कार्ड वर्षभरानं टाका. पॉवर सप्लाय मात्र आजच चांगल्या कंपनीचा, ५५० वॅटचा. दुकानदार रंगीत लाईटचं कॅबिनेट पुढे करेल. पोरगं तिथंच विरघळेल, तुम्ही नका विरघळू. पुढे जाळी अन् धुता येणारा फिल्टर आहे का, तेवढं बघा. यूपीएसही विचारून घ्या. ६०० व्हीएचा साधारण ३६० वॅटच देतो, कार्ड आल्यावर कमी पडेल.

डबा कुलरच्या झोतात नको, जमिनीवरही नको.

वायरींच्या पसाऱ्याची साहेबांची तक्रार खरी आहे. सुताराकडून टेबलाला मागच्या बाजूनं एक भोक पाडून घ्या. मी घरी तेच केलंय.