अमेरिकेत ग्रंथपालाच्या नोकरीसाठी पगाराची घासाघीस करावी का? भारतीय बाई असल्याने फरक पडतो का?

फरक पडतो. तरीही मागा.

आपल्याकडे कॉलेजच्या ग्रंथपालाला यूजीसीची श्रेणी असते. सातव्या वेतन आयोगात सुरुवातीचं मूळ वेतन ५७,७००, त्यात बोलायला जागाच नाही. त्याच सवयीने मी इथल्या एका सरकारी विद्यापीठाची पहिली ऑफर फोनवरच 'थँक यू' म्हणून घेऊन टाकली. दीड वर्षाने कळलं, माझ्यामागून त्याच पदावर लागलेल्या गोऱ्या सहकाऱ्याला चार हजार डॉलर जास्त आहेत. त्याने फक्त विचारलं होतं. (सरकारी विद्यापीठांतले पगार बऱ्याच राज्यांत जाहीर असतात. मी उशिरा बघितले, तुम्ही आधी बघा.) वाढ टक्क्यांत मिळते, म्हणजे फरक दरवर्षी वाढतच जातो.

गंमत म्हणजे इथे पाचांतल्या चार ग्रंथपाल बायका, आणि बहुतेक गोऱ्या. तरी नर्सिंग, ग्रंथालय अशा 'बायकी' पेशांत पुरुषच भराभर वर ढकलले जातात, हे समाजशास्त्रज्ञ क्रिस्टीन विल्यम्स यांनी १९९२ मध्येच मांडलं. याला नाव 'काचेचा सरकता जिना'. आणि मनात पूर्वग्रह असलेली माणसं कृष्णवर्णीय उमेदवाराने घासाघीस केली की त्याला पगार कमी देतात, असं २०१९ च्या एका अभ्यासात निघालं. आपल्याबद्दल गृहीत असतं ते वेगळंच: कामसू, गोड, कुरकुर न करणारी. तोंड उघडलं की समोरचा आधी दचकतो.

दुसऱ्या नोकरीच्या वेळी मी रद्दीतल्या जुन्या कॅटलॉग कार्डाच्या कोऱ्या बाजूला तीन ओळी लिहिल्या: काम मला हवंय, जाहिरातीतला पगार इथून इथपर्यंत आहे, माझ्या अनुभवाला एवढा धरा. पार्किंगमध्ये गाडीत बसून फोनवर तेवढंच वाचलं आणि गप्प बसले. ते गप्प बसणं फार जड गेलं. कार्डाच्या खालचं, खणातली सळई ओवायचं भोक नखाने कुरतडून मोठं केलं. दोन दिवसांनी मागितलेल्याच्या निम्मी वाढ मिळाली, वर सामान हलवायचा खर्च.

कोलोरॅडोत २०२१ पासून आणि कॅलिफोर्नियात २०२३ पासून जाहिरातीत पगाराची कक्षा द्यावीच लागते (कॅलिफोर्नियात अगदी छोट्या संस्था सोडून), त्यामुळे आकडा हवेतून काढावा लागत नाही. पगार हलत नसेल तर परिषदांच्या प्रवासखर्चाचं विचारा.

व्हिसाची धास्ती असेल तर स्पॉन्सर करणार का, ते आधी लेखी घ्या. आकड्याचं नंतर.