मॅन्युअल की ऑटोमॅटिक हे नंतर, आधी त्या थरथरीचं बघा

तुमच्या प्रश्नातला मॅन्युअल-ऑटोमॅटिकचा भाग मला तितका अवघड वाटला नाही. भोरच्या पुढे शेत, पावसाळ्यात शेवटचा पट्टा चिखलाचा, मधे ओढा, गाडी तुम्ही आणि तुमची पत्नी दोघंही चालवणार, आणि निवड नवी मॅन्युअल की वापरलेली डिझेल ऑटोमॅटिक. इथवर ठीक. पण मधेच तुम्ही सहज लिहून गेलात की ट्रायलला साठच्या आसपास ती ऑटोमॅटिक किंचित थरथरली, आणि मालक म्हणाले, "सर्व्हिस सेंटरने बघितलंय, या मॉडेलला ते नॉर्मल आहे." हे 'नॉर्मल' मी ऐकलेलं आहे आणि त्याचं बिलही भरलेलं आहे, म्हणून एवढं लांबलचक लिहितोय.

माझ्या गाडीचं नाव लिहीत नाही, लिहिलं की चर्चा फक्त नावावरच होते. डिझेल ऑटोमॅटिक, फोर बाय फोर. वेल्ह्याच्या बाजूला कामासाठी जाताना पावसाळाभर एक ओढा ओलांडावा लागायचा. पाणी चाकाच्या मध्यापर्यंत, म्हणजे कंपनीने छापलेल्या मर्यादेच्या आतच. गाडीने कधी कुरकुर केली नाही. दिवाळीनंतर मात्र हायवेला पन्नास-साठच्या वेगात, पाय एकसारखा ठेवलेला असताना, रम्बलरच्या पट्ट्यांवरून गेल्यासारखं क्षणभर व्हायचं आणि थांबायचं. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की गायब. टायर बदलून पाहिले, बॅलन्सिंग केलं, अलाइनमेंट केली. फरक शून्य.

सर्व्हिस सेंटरने स्कॅनर लावला. एरर कोड नाही, म्हणजे गाडी ओके. मी म्हटलं, गिअरबॉक्सचं ऑइल थोडं काढून तरी बघा. उत्तर आलं, "सर, ते लाइफटाइम ऑइल आहे, त्याला हात लावायचा नसतो." लाइफटाइम कुणाचं, हे मात्र कुणी सांगेना. ओढ्याचं सांगितलं तर जॉब कार्डवर ते लिहायला तयार नाहीत. "कशाला लिहायचं सर, पुढे वॉरंटीला तुम्हालाच अडचण." पुढे थरथर वाढली, चौथ्याचा पाचवा पडताना झटके बसायला लागले आणि खरंच वॉरंटीची वेळ आली, तेव्हा पाणी गेल्याचं याच मंडळींनी शोधून काढलं आणि बाहेरचं कारण म्हणून क्लेम परत पाठवला. आधीच्या तक्रारींचा कागद मागितला तर प्रत्येक जॉब कार्डवर 'जनरल चेकअप'. आणि काउंटरच्या मागे भिंतभर पोस्टर, तीच गाडी नदीतून पाणी उडवत चाललीय. अजून आठवलं की डोकं तापतं. असो.

शेवटी बाहेरच्या एका गिअरबॉक्सवाल्याने ऑइल सोडलं. लाल, पारदर्शक असायला हवं ते दुधाळ गुलाबी निघालं. त्याने समजावलं ते असं. गिअरबॉक्सला वरून श्वास घ्यायला एक बारीक नळी असते, ब्रीदर. घाट चढून गरम झालेला गिअरबॉक्स एकदम थंड पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि नळीचं तोंड खाली असेल तर पाणीच ओढून घेते. ऑटोमॅटिकच्या आतल्या क्लचचं अस्तर कागदासारख्या पदार्थाचं, चिकटवलेलं असतं. त्याला पाणी अजिबात सोसत नाही. ठरावीक वेगाला टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सकडे पोचवणारा भाग) लॉक होतो, म्हणजे त्याच्या आतला क्लच घट्ट धरतो, तिथेच पहिली थरथर जाणवते. वेळेत ऑइल बदललं असतं तर कदाचित भागलं असतं. मला कन्व्हर्टर बदलावा लागला. मॅन्युअल गिअरबॉक्समध्येही पाणी शिरतं, पण तिथे गिअर आणि बेअरिंग असतात, ऑइल वेळेवर बदललं तर बहुतेक वेळा निभावतं.

तेव्हा ती गाडी पुन्हा एकदा चालवून बघा. सपाट रस्त्याला, इंजिन पुरतं तापल्यावर, थरथर सुरू झाली की पाय तसाच ठेवून डाव्या पायाने ब्रेकला नुसता स्पर्श करा, ब्रेकलाइट लागेल इतकाच. मागे कुणी चिकटलेलं नाही ना तेवढं बघून. बऱ्याच गाड्यांत यामुळे कन्व्हर्टर अनलॉक होतो. थरथर तत्क्षणी गेली तर संशय टायरवर नाही, गिअरबॉक्सवर. तशीच राहिली आणि फक्त वेगाप्रमाणे बदलली, तर टायर-बॅलन्सिंग असू शकतं. (मी मेकॅनिक नाही. याच्यावर विसंबून व्यवहार मोडू नका आणि करूही नका, ऑइल काढून जाणकाराला दाखवा.) मालक ऑइल काढू देत नसेल तर विषय संपला.

आता तुमचा मूळ प्रश्न. एवढं होऊनही तुमच्या वापराला मी ऑटोमॅटिकच सांगेन.

कारण चिखल. ओल्या चिकण मातीत गाडी गतीवर चालते. मॅन्युअलला गिअर बदलायला क्लच दाबला की चाकांची ताकद तेवढ्यापुरती तुटते, आणि चिखलात तेवढ्यात गाडी उभी राहते. मग पुन्हा निघायला हाफ क्लच, आणि हाफ क्लचवर क्लच प्लेट जळायला वेळ लागत नाही. ज्याला तो वास माहीत आहे त्याला जास्त सांगायला नको. ऑटोमॅटिकला गिअर बदलताना ताकद जवळजवळ सलग राहते. खडकाळ चढावर तर डावा पाय ब्रेकवर, उजवा अ‍ॅक्सिलरेटरवर ठेवून इंच इंच गाडी चढवता येते. मॅन्युअलला हे जमतं, पण जमायला हात बसावा लागतो, आणि तुमच्या घरी चालवणारे दोघं आहेत.

"खरा ऑफरोडर मॅन्युअलच घेतो" हे वाक्य जुनं आहे, आणि ते जुनं का आहे तेही सरळ आहे. जिप्सी मॅन्युअल, जुनी थार मॅन्युअल, दुसरं काही मिळतच नव्हतं. २०२० च्या थारमध्ये सहा गिअरची टॉर्क कन्व्हर्टर ऑटोमॅटिक आली, २०२३ मध्ये जिम्नी आली ती चार गिअरच्या साध्या ऑटोमॅटिकचा पर्याय घेऊन. गुरखा आजही मॅन्युअलच. ऑटोमॅटिक म्हणताना मी टॉर्क कन्व्हर्टरच म्हणतोय. एएमटी (मॅन्युअलच गिअरबॉक्स, फक्त क्लच-गिअर यंत्रणा बदलते), किंवा ड्राय क्लचवाली डीसीटी (दोन क्लचची ऑटोमॅटिक) घेऊन चिखलात शिरायचं असेल तर तुमची मर्जी.

मॅन्युअल कुठे सरस? तीव्र उतारावर. फोर-लो (चारही चाकांना ताकद, पण अगदी कमी वेगाची), पहिला गिअर, दोन्ही पाय पेडलवरून काढून ठेवा, इंजिनच गाडीला धरून ठेवतं. ऑटोमॅटिक 'डी'मध्ये ठेवून उतरलात तर तेवढी पकड मिळत नाही, म्हणून गिअर हाताने पहिल्यात लॉक करायचा. हिल डिसेंट (उतारावर आपोआप ब्रेक लावणारी सोय) आहे म्हणून निर्धास्त राहू नका. दुसरं, बॅटरी उतरली तर मॅन्युअल सहसा ढकलून सुरू होते. तिसरं आणि माझ्या लेखी सगळ्यात मोठं, क्लच प्लेट बदलणारा फिटर भोरलाही मिळतो. ऑटोमॅटिक उघडणारा पुण्यातही शोधावा लागतो.

मॅन्युअल घेतलीच तर दोन गोष्टी. पाण्यात असताना क्लचला पाय लावायचा नाही, गिअर आधीच पाडून घ्यायचा. आणि चढावर गाडी बंद पडली तर घाबरून क्लच दाबायचा नाही, दाबला की गाडी मागे सुटते. आधी ब्रेक घट्ट धरा, मगच क्लच दाबून रिव्हर्स टाका, क्लच पूर्ण सोडा, गिअरच्या आधाराने सरळ मागे या. जुन्या गाड्या गिअरमध्ये असतानाच स्टार्टर मारून उतरवता यायच्या. बऱ्याच नव्या गाड्या क्लच दाबल्याशिवाय स्टार्टच होत नाहीत, तेव्हा तुमची कशी आहे ते अंगणात तपासा, घाटात नको.

ऑटोमॅटिक घेतलीत तर एक गोष्ट घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. फोर बाय फोरचा छोटा लिव्हर 'एन'मध्ये (न्यूट्रल) राहिला तर मोठा लिव्हर 'पी'मध्ये (पार्क) असूनही गाडी घरंगळते. 'पी' गिअरबॉक्स अडवतो, पण तिथून चाकांकडे जाणारा दुवा तुटलेला असतो. फोर-लो टाकताना लिव्हर अर्धवट राहणं अवघड नाही. हँडब्रेक ओढल्याशिवाय उतरायचं नाही.

टायरची हवाही चिखलात उतरवा, अठरा-वीस पीएसआय, आणि डांबरी लागण्याआधी पुन्हा भरा. छोटा कंप्रेसर गाडीत असू द्या. अर्धं ऑफरोडिंग तिथेच होतं असं माझं मत आहे, गिअरबॉक्सवर भांडणाऱ्यांना ते पटत नाही.

विम्याचं विचारलंत. इंजिन प्रोटेक्शनचं अ‍ॅड-ऑन घेताना गिअरबॉक्स त्यात आहे का ते शब्दशः वाचा, एजंटच्या तोंडी हमीवर जाऊ नका. क्लच प्लेट सहसा झिजणारा भाग म्हणून बाहेरच असते, वॉरंटीतही.

ती वापरलेली गाडी घेणार असाल तर ऑइल स्वच्छ निघालं, दुधाळ नाही, तरच. घेतल्यावर पहिलं काम गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा भाग) आणि दोन्ही डिफरन्शियलचं (अ‍ॅक्सलच्या मधले गिअर) ऑइल बदलणं, आणि चारही ब्रीदर नळ्या वाढवून बॉनेटखाली उंचावर बांधणं. साधं काम आहे. नवी असेल तर आधी लेखी विचारा, नाहीतर त्यावरूनही वॉरंटी नाकारतील. ओढ्याआधी पाच-दहा मिनिटं गाडी उभी करून निवू द्या. आणि सर्व्हिस सेंटरला काहीही सांगाल ते जॉब कार्डवर तुमच्या शब्दांत लिहून घेतल्याशिवाय चावी देऊ नका, लिहीत नसतील तर तिथेच उभं राहून त्यांना ईमेल करा.

तुमच्या त्या ओढ्यावर फरशी आहे का, आणि पावसात पाणी कुठवर येतं, तेवढं कळवा. गुडघ्याच्या वर येत असेल तर वरचं सगळं बाजूला ठेवून, त्या महिन्यांत गाडी अलीकडे लावून पायी जायचा विचार करा म्हणेन.