ओव्हिडच्या रूपांतरांत पुनर्जन्म शोधू नका

प्रश्न असा आहे: ‘मी चित्रकलेचा विद्यार्थी आहे. लॅटिन साहित्य, प्राचीन विचार आणि कलेतील रूपांतर या विषयांवरचे अभ्यासग्रंथ कोणत्या क्रमाने वाचावेत? रूपांतर म्हणजे पुनर्जन्माचीच कल्पना असल्याने भारतीय वाचकाने तत्त्वज्ञानापासून सुरुवात केली तर सोपे जाईल का?’ ग्रंथांची नावे पुढे देते. परंतु प्रश्नाच्या शेवटी जे गृहीत धरले आहे, त्याच्याशी माझे जुने वैर आहे, म्हणून आधी त्याचा समाचार घेते.

मी महाविद्यालयात तत्त्वज्ञान शिकवत असे. लॅटिन मी मुंबईत, मूळच्या गोव्याच्या एका वृद्ध फादरांकडे शिकले. त्यांचे स्वतःचे लॅटिन राशोलच्या सेमिनरीतले होते आणि विभक्ती चुकली की ते कोंकणीत रागावत. पुढे पुण्याला आल्यावर एका अभ्यासमंडळात मी रोमन कवी ओव्हिडच्या ‘मेटामॉर्फोसीस’ (रूपांतरे) या लॅटिन काव्यावर व्याख्यान दिले. पंधरा पुस्तके, सुमारे बारा हजार ओळी आणि अडीचशेच्या आसपास कथा असलेल्या त्या काव्याच्या शेवटच्या पुस्तकात ग्रीक तत्त्वज्ञ पायथागोरसचे चारशे ओळींचे भाषण आहे, तेच मी निवडले होते. भाषणाची सुरुवात आणि शेवट ‘मांस खाऊ नका’ या उपदेशाने होतो. मधल्या भागात सर्व काही बदलते पण काहीच नष्ट होत नाही, आत्मा एका देहातून दुसऱ्या देहात जातो, समुद्राची जमीन होते, एटना पर्वत कायम पेटत राहणार नाही, ट्रॉय गेले आणि आता रोम वाढते आहे, असा विस्तार येतो. ट्रॉयच्या युद्धात आपण युफॉर्बस नावाचा योद्धा होतो आणि त्या वेळची आपली ढाल आपण अर्गोसच्या देवळात अलीकडेच ओळखली, असेही पायथागोरस सांगतो. म्हातारी हेलन आरशात स्वतःच्या सुरकुत्या पाहून रडते आणि आपल्याला दोनदा का पळवून नेले असेल असे स्वतःलाच विचारते, त्या दोन ओळी मी लॅटिनमध्ये म्हणून दाखवल्या होत्या.

व्याख्यान संपल्यावर आमचे एक ज्येष्ठ सहकारी उभे राहिले. त्यांना सगळे ‘सर’ म्हणत. ते म्हणाले, ‘‘बाई, तुम्ही कष्ट घेतलेत, पण वासांसि जीर्णानि यापलीकडे यात नवीन काय आहे? हे भाषण म्हणजे साऱ्या काव्याची किल्ली आहे, ती किल्ली आपल्याकडून गेलेली आहे, आणि बाकीच्या कथा म्हणजे मुलांना झोपवायच्या गोष्टी.’’ मग त्यांनी अहल्येचे उदाहरण दिले. ते माझ्या व्याख्यानापेक्षा जास्त वेळ बोलले आणि टाळ्याही त्यांनाच अधिक पडल्या. काही महिन्यांनी ज्या नियतकालिकाच्या सल्लागार मंडळावर ते होते, तिकडून माझा लेख परत आला. शेरा एका ओळीचा होता: ‘भारतीय मुळांचा विचार केलेला नाही.’ सर आज हयात नाहीत. त्यांच्या विद्यार्थ्यांच्या तोंडी मात्र तेच वाक्य अजून आहे, आणि ज्या अर्थी तुमच्या प्रश्नातही ते आले आहे, त्या अर्थी ते पुण्याबाहेरही पोचले असावे.

आता मुद्द्याकडे येते. पायथागोरसला किल्ली मानण्याला पहिला विरोध खुद्द ओव्हिडचा आहे. भाषण सुरू होण्याच्या जरा आधी तो म्हणतो की त्या विद्वान मुखातून हे शब्द निघाले खरे, पण त्यांवर कोणी विश्वास ठेवला नाही. शिवाय हे ज्ञान घेऊन राजा न्यूमा रोमला परतला अशी या प्रसंगाची मांडणी आहे, आणि ती कालगणनेत बसत नाही. पायथागोरस न्यूमानंतर शंभराहून अधिक वर्षांनी, राजा सर्व्हियस टुलियसच्या काळात होऊन गेला असे लिव्हीने आपल्या इतिहासाच्या पहिल्याच पुस्तकात सांगितले आहे, आणि न्यूमा पायथागोरसचा शिष्य होता ही दंतकथा सिसेरोनेही खोडून काढली आहे. म्हणजे शिकलेल्या रोमन वाचकाला येथे हसू यावे अशी सोय कवीने केलेली आहे. एवढे भव्य भाषण संपल्यावर, पुस्तकाच्या अगदी अखेरीस, कवी स्वतःविषयी काय म्हणतो तेही पाहावे. माझा श्रेष्ठ अंश ताऱ्यांच्या वर जाईल, माझे नाव पुसले जाणार नाही, मी जगेन. सर्व काही बदलते या सिद्धांतातून त्याने स्वतःला अलगद बाहेर काढले आहे.

दुसरा विरोध कथांचा आहे आणि तो मला अधिक महत्त्वाचा वाटतो. तिसऱ्या पुस्तकातील ॲक्टिऑन शिकार थांबवून वनात भटकताना चुकून शिकारीची देवता डायना हिला स्नान करताना पाहतो, ती त्याच्यावर पाणी उडवते आणि तो हरीण होतो. मन मात्र पूर्वीचेच राहिले, असे ओव्हिड मुद्दाम नोंदवतो. त्याचेच कुत्रे त्याच्यामागे लागतात. ‘मी ॲक्टिऑन, तुमचा धनी’ असे त्याला ओरडायचे असते, पण शब्द फुटत नाहीत. कुत्रे त्याला फाडत असताना त्याचे सोबती कुत्र्यांना चेतवतात, ॲक्टिऑनला हाका मारतात, असा तमाशा पाहायला तो नेमका आताच जवळ नाही म्हणून हळहळतात, आणि तो स्वतःचे नाव ऐकून मान वळवतो. यात पुनर्जन्म कोठे आहे? येथे कोणी मेलेले नाही, विस्मरण झालेले नाही, जुने कर्म फेडून नवा देह मिळालेला नाही. तोच माणूस त्याच जन्मात भलत्या देहात कोंडला गेला आहे आणि त्याला ते पुरते ठाऊक आहे. गाय झालेली आयो खुराने धुळीत अक्षरे उमटवून बापाला आपली ओळख पटवते. अस्वल झालेली कॅलिस्टो माणसाचे मन घेऊन, स्वतः अस्वल असूनही, अस्वलांना पाहून लपते. पायथागोरसच्या आत्म्याला पुढे जाता येते. या लोकांना पुढे जाता येत नाही, आणि सारी वेदना तेथे आहे.

अहल्येबद्दल थोडक्यात सांगते. वाल्मीकींच्या बालकांडात ती शिळा होत नाही, वायुभक्षण करीत, राखेत पडून, कोणाला न दिसता राहते. शिळा नंतरच्या परंपरेत आली. दोन्हीकडे शापाबरोबर त्यातून सुटका केव्हा होणार तेही सांगितलेले आहे, राम येणार हे ठरलेले आहे. ओव्हिडच्या पहिल्या पुस्तकातील दाफ्नीसाठी कोणी येणार नसते. कथेच्या शेवटी ती झाड असते, आणि ज्याच्यापासून ती पळत होती तोच अपोलो देव तिच्या पानांचा मुकुट करून डोक्यावर घालतो. एवढा फरक पडला असताना दोन्ही कथा ‘एकच’ म्हणणे ही तुलना नव्हे, आळस आहे.

आणि ‘प्राचीन विचार’ म्हणून जे आपण एकगठ्ठा बोलतो, तसे रोममध्ये काही नव्हते. ओव्हिडच्या आधी एक पिढी कवी लुक्रेशियसने सहा पुस्तकांचे काव्य लिहून आत्मा मर्त्य आहे, तोही कणांचाच बनलेला आहे, असे मांडले. तिसऱ्या पुस्तकात तो देहांतराची चक्क टिंगल करतो. जनावरांच्या जन्माच्या वेळी आत्मे रांगेत उभे राहून ‘आधी मी, आधी मी’ म्हणून भांडतात काय, असे तो विचारतो. ओव्हिडने हे वाचलेले होते. लुक्रेशियसचे काव्य जगाच्या अंताबरोबरच नष्ट होईल, असे त्याने तरुणपणीच लिहून ठेवले आहे. तेव्हा तत्त्वज्ञानापासून सुरुवात करायचीच असेल तर पायथागोरसच्या भाषणाआधी लुक्रेशियसचे तिसरे पुस्तक वाचा. सरांना मी हे सुचवले होते. त्यांनी ते वाचल्याचे मला कधी कळले नाही.

आता ग्रंथ. जोसेफ सोलोडोचा 1988चा ‘द वर्ल्ड ऑफ ओव्हिड्स मेटामॉर्फोसीस’ पहिला घ्या. रूपांतर म्हणजे माणसाचे आधीचेच वैशिष्ट्य देहावर उघड दिसू लागणे, असा त्याचा सिद्धांत आहे. लांडगा झालेल्या लायकेऑनचे केस आधीसारखेच करडे आणि चेहऱ्यावरचे क्रौर्यही तेच राहते, हे त्याचे नेमके उदाहरण. ॲक्टिऑनला हा सिद्धांत तितकासा लागू पडत नाही, पण वाद घालायला पुस्तक उत्तम आहे. ब्रूक्स ओटिसचा ‘ओव्हिड ॲज ॲन एपिक पोएट’ 1966चा आहे, तो मात्र 1970च्या दुसऱ्या आवृत्तीतच वाचावा, कारण तिच्यात त्याने शेवट नव्याने लिहून सम्राट ऑगस्टसविषयीच्या ओव्हिडच्या भूमिकेबद्दलचा आपला आधीचा निष्कर्ष जाहीरपणे मागे घेतला. छापील मत चार वर्षांत बदलणारा अभ्यासक मला आमच्या मंडळात कधी भेटला नाही. देवांच्या या ‘प्रेमकथा’ प्रत्यक्षात बलात्काराच्या कथा आहेत हे स्पष्टपणे मांडणारे लिओ करन (1978) आणि एमी रिचलिन (1992) यांचे निबंध वाचल्याशिवाय या विषयावर बोलू नये, असे माझे मत आहे.

तुम्ही चित्रकार आहात म्हणून लिओनार्ड बार्कनचा 1986चा ‘द गॉड्स मेड फ्लेश’ तुमच्या अधिक उपयोगाचा. प्राचीन रूपांतरे मध्ययुगातून प्रबोधनकाळात कशी पोचली ते त्यात आहे. पण कलेवरचे कोणतेही पुस्तक घेताना एक कसोटी लावा: लेखक चित्राला काव्याचे ‘सचित्र स्पष्टीकरण’ समजतो काय? समजत असेल तर पुस्तक मिटा. टिशियनने स्पेनच्या दुसऱ्या फिलिपसाठी केलेल्या चित्रमालिकेतील ‘डायना आणि ॲक्टिऑन’ (1556–59) पाहा. त्यात रूपांतर झालेलेच नाही. ॲक्टिऑन नुकताच आत आला आहे, आणि खांबावर हरणाची कवटी आधीच ठेवलेली आहे. नंतरच्या ‘ॲक्टिऑनचा मृत्यू’ या लंडनच्या चित्रात डायना धनुष्य रोखून उभी आहे. ओव्हिडमध्ये ती बाण मारत नाही. स्नानाच्या वेळी तिचे बाण हाताशी नसतात, म्हणूनच ती पाणी उडवते. टिशियनने हे अज्ञानाने केले असे कोण म्हणेल? माद्रिदच्या प्रादोतील व्हेलास्केसच्या ‘विणकरणी’ या चित्रात तर मागच्या गालिच्यावर टिशियनच्याच चित्रातली, देवाने पळवून नेलेली युरोपा आहे, म्हणजे ओव्हिडच्या सहाव्या पुस्तकातील विणकरीण अरॅक्नीने विणलेला देवांच्या गुन्ह्यांचा पट दाखवताना एका चित्रकाराने दुसऱ्या चित्रकाराला साक्षीला बोलावले आहे.

शिल्पकार बर्निनीचे ‘अपोलो आणि दाफ्नी’ (1622–25, रोमचे बोर्गेझे संग्रहालय) मात्र ओव्हिडच्या ओळींना विलक्षण धरून आहे. पोटावर चढणारी पातळ साल, केसांची पाने, मुळांत रुतणारी बोटे हे सारे पहिल्या पुस्तकातून आले आहे. अपोलोचा हात सालीवर आहे, आणि काव्यात त्याच हाताला सालीखाली तिचे काळीज धडधडताना जाणवते. पुतळ्याच्या बैठकीवर कार्डिनल माफेओ बार्बेरिनी, म्हणजे पुढचे पोप आठवे अर्बन, यांच्या दोन ओळी कोरल्या आहेत: क्षणिक सुखामागे धावणाऱ्याच्या हाती पाने आणि कडू फळे येतात. संगमरवर असे काही बोलत नाही. त्या ओळी बोध म्हणून वरून लावलेल्या आहेत, आणि सरांची ‘भारतीय मुळे’ याच जातीची होती. ओव्हिडने स्वतः काय केले? झाडाने नव्या फांद्यांनी होकार दिला असे त्याने लिहिले खरे, पण लगेच, शेंडा डोक्यासारखा हललासा वाटला, असे जोडले. कोणाला वाटले, ते तो सांगत नाही.

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. तौलनिक अभ्यास निरर्थक आहे असे मला म्हणायचे नाही, दोन्ही बाजू मुळातून वाचल्यावर तो करावा एवढेच माझे म्हणणे आहे. पायथागोरसचे भाषण गंभीरपणे घेणारे चांगले अभ्यासकही आहेत. फिलिप हार्डीचा 1995चा निबंध त्यामागे ग्रीक तत्त्वज्ञ-कवी एम्पिडोक्लिसची परंपरा दाखवतो आणि तो मला पूर्णपणे खोडता आलेला नाही. लॅटिन येत नसेल तरी वरील बहुतेक पुस्तके समजतात, कारण त्यांत उताऱ्यांचे इंग्रजी भाषांतर असते. फक्त फ्रान्झ ब्योमरच्या सात खंडांच्या जर्मन भाष्याच्या वाटेला तूर्त जाऊ नका. भाषांतरांत स्टेफनी मॅकार्टरचे (पेंग्विन, 2022) घ्या, कारण जुन्या भाषांतरकारांनी मवाळ केलेली हिंसा तिने मवाळ ठेवलेली नाही. मूळ ओळी शेजारी हव्या असतील तर लोएब मालिकेचे दोन लाल खंड मोठ्या विद्यापीठांच्या ग्रंथालयात मिळू शकतात. पहिले, तिसरे आणि सहावे पुस्तक आधी वाचा, पंधरावे सर्वांत शेवटी.