बॅलेच्या बुटात मऊपणा कुठे असावा आणि कुठे नसावा

बॅले नर्तकांसाठी अधिक आरामदायी आणि धक्का शोषून घेणारे बूट कसे घडवता येतील, असे तुम्ही विचारले आहे. सोबत लिहिले आहे की तुम्ही मुंबईत प्रॉडक्ट डिझाइन शिकता, धाकटी बहीण अंधेरीच्या एका वर्गात पॉइंट शूज (बोटांच्या टोकांवर उभे राहण्यासाठीचे कडक टोकाचे बूट) घालून नाचते, तिच्या अंगठ्यांची नखे काळी पडली आहेत आणि म्हणून बुटाच्या टोकात जाड जेल भरण्याचा तुमचा विचार आहे. मी पादत्राणांच्या रचनेचे काम करतो. बहुतांश काम मधुमेही रुग्णांच्या चपला-बुटांचे असते, पण गेली काही वर्षे नर्तकांचे बूटही माझ्याकडे येतात. त्या कामाच्या आधारे सांगतो की जेल भरण्याची घाई करू नका. टोकावर उभे राहिल्यावर बोटांवर येणारा दाब आणि उडीनंतर जमिनीवर उतरताना बसणारा धक्का हे दोन निराळे प्रश्न आहेत. त्यांची उत्तरे बुटाच्या निराळ्या भागांत सापडतात, आणि एकाचे उत्तर दुसऱ्याच्या जागी वापरले की पाय अधिकच दुखतो.

सर्वप्रथम बहिणीचा एखादा बाद झालेला बूट उभा कापून पाहा. चेंबूरजवळच्या ठक्कर बाप्पा कॉलनीत माझे नमुने बनवणाऱ्या कारागिराने असा एक बूट रापीने टोकापासून टाचेपर्यंत चिरून दिला होता. बाहेर सॅटिन, आत सुती अस्तर, आणि मधे कापड, कागद व गोणपाट यांचे खळीने चिकटवलेले थर. हे थर वाळून कडक झाले की बोटांभोवती जो पेला तयार होतो त्याला बॉक्स म्हणतात, आणि त्याच्या सपाट टोकाला प्लॅटफॉर्म. तळव्याखाली पुठ्ठा व चामड्याची कडक पट्टी असते, ती शँक. आणि सर्वांत खाली चामड्याचा पातळ सोल. त्या बुटात अंगठ्याच्या बाजूचे थर सुटून भिजल्या पुठ्ठ्यासारखे लिबलिबीत झाले होते, करंगळीच्या बाजूचे मात्र नव्यासारखे टणक होते. कारागिराने बॅले कधी पाहिलेले नव्हते, तरी त्याने बोटाने दोन्ही बाजू दाबून लगेच सांगितले की ही मुलगी सगळा भार एकाच बोटावर घेते. बुटाने दिलेली ही माहिती कोणत्याही प्रश्नावलीतून मिळणाऱ्या माहितीपेक्षा अधिक भरवशाची असते.

आता दाबाचा हिशेब करून पाहू. नर्तिकेचे वजन ५० किलो धरले तर भार सुमारे ४९० न्यूटन होतो. एका पायावर सपाट उभे असताना तो साधारण १०० चौरस सेंटिमीटरवर पसरतो असे मानले, तर प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर ५ न्यूटनच्या आसपास येतात. तोच भार ८ चौरस सेंटिमीटरच्या प्लॅटफॉर्मवर घेतला की आकडा ६० न्यूटनच्या पुढे जातो. या दाबाखाली जाड जेल चेपून बाजूला सरकते, त्याने मधली जागा व्यापलेली असल्यामुळे बॉक्स मोठ्या मापाचा घ्यावा लागतो, मोठ्या बॉक्समध्ये पाय खाली घसरतो आणि बोटांची टोके प्लॅटफॉर्मवर आपटतात. काळ्या नखांच्या मागे पुष्कळदा हेच कारण असते. चांगल्या बुटात भार बोटांच्या टोकांवर पडत नाही. बॉक्सच्या भिंती पंजाला चारी बाजूंनी धरून ठेवतात आणि भाराचा मोठा वाटा त्या भिंतींकडून प्लॅटफॉर्मकडे जातो.

हे तत्त्व आपल्याकडे फार जुने आहे आणि ते नृत्यातून आलेले नाही. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात डॉ. पॉल ब्रँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुष्ठरुग्णांच्या बधिर पायांसाठी मायक्रोसेल्युलर रबराच्या चपला वापरात आणल्या. हेच रबर आज एमसीआर या नावाने मधुमेही रुग्णांच्या चपलांत सर्रास वापरले जाते. त्या चपलेत पायाला लागणारा थर मऊ असतो, पण त्याखालचा सोल टणक असतो. मऊ थर पायाच्या उंचसखल भागाशी जुळवून घेतो आणि टणक थर तो भार सगळीकडे वाटून देतो. केवळ मऊ चप्पल केली तर हाड थेट खालपर्यंत रुतते आणि जखम होते. पॉइंट शूमध्येही हीच जोडी लागते, म्हणजे बाहेर न वाकणारे कवच आणि आत मोजक्याच जागी २ ते ३ मिलिमीटरचा थर. तुम्हाला जाडी वाढवण्याचा मोह होईल, पण माझ्या मते ज्याला बॅलेचा बूट खरोखर सुधारायचा आहे त्याने आपला बहुतेक वेळ बॉक्सच्या आकारावर घालवावा.

त्यासाठी माप घेण्याची पद्धत बदलावी लागते. पाय सपाट टेकलेला असताना आणि गुडघे वाकवलेले असताना तो लांब व रुंद होतो, टोकावर गेला की आखडतो. म्हणूनच टोकावर उभे राहिल्यावर टाचेशी चिमूटभर कापड सैल राहिलेले दिसते. फक्त उभ्या पायाचे माप घेऊन फर्मा, म्हणजे ज्यावर बूट घडवतात तो पायाच्या आकाराचा साचा, बनवला तर यांपैकी एका स्थितीत बूट हमखास चुकतो, तेव्हा दोन्ही स्थितींची मापे घ्या. बोटांची लांबीही पाहा. ज्यांचे दुसरे बोट अंगठ्यापेक्षा लांब असते त्यांचे तेच बोट आधी टेकते आणि आत दुमडते. उलट अंगठा पुष्कळ लांब असेल तर वर सांगितलेल्या बुटासारखे होते. अशा वेळी सगळ्या बोटांवर एकसारखी गादी घालण्यापेक्षा, दोन भाग मिसळून हातानेच आकार देता येणाऱ्या सिलिकॉनची टोपी आखूड बोटांपुरती घडवावी, म्हणजे पाचही बोटांची टोके एका पातळीवर येतात. तुमच्या बहिणीच्या बाबतीत जेलचा विचार करण्यापूर्वी बॉक्सची रुंदी आणि अशी टोपी या दोन गोष्टी तपासा, शिवाय नखे सरळ व आखूड कापलेली आहेत का तेही पाहा. लंडनची फ्रीड ही १९२९ पासूनची कंपनी. तिथे हाताने बूट घडवणाऱ्या प्रत्येक कारागिराची सोलवर स्वतंत्र खूण असते आणि अनेक नर्तिका वर्षानुवर्षे एकाच खुणेचे बूट मागवतात. माप नेमके बसण्याला त्या क्षेत्रात किती मोल आहे, हे त्यावरून कळेल.

शँकविषयी थोडक्यात लिहितो. ती जिथे वाकते ती जागा पायाच्या कमानीच्या जागेशी जुळली पाहिजे. ती पुढे वाकली तर बूट कमानीपासून सुटतो आणि पंजावर भार वाढतो. नर्तिका नवा बूट दारात चेपतात, पायरीवर आपटतात, शँकचा टाचेकडचा भाग कापून टाकतात, सोल कात्रीने खरवडतात. या सगळ्या दुरुस्त्या तुमच्या वहीत उतरवून घ्या, कारण कारखान्याने जे केले नाही तेच त्या करत असतात.

आता धक्क्याकडे वळू. उडीनंतर शरीर थांबवण्यासाठी लागणारे सरासरी बल ठरवण्याचा साधा हिशेब आहे: उडीच्या उंचीला थांबण्याच्या अंतराने भागावे, त्यात १ मिळवावा आणि येणाऱ्या संख्येने वजनाला गुणावे. उडी ३० सेंटिमीटर असेल आणि घोटा, गुडघा व कंबर वाकवून शरीर ३० सेंटिमीटरमध्ये थांबवले, तर सरासरी बल वजनाच्या दुप्पट येते. गुडघे ताठ ठेवून ५ सेंटिमीटरमध्ये थांबवले तर सातपट. झेल घेताना क्षेत्ररक्षक हात मागे नेतो, तसेच हे आहे. बुटातला ३ मिलिमीटरचा फोम फार तर एक-दीड मिलिमीटर चेपतो, म्हणजे थांबण्याच्या एकूण अंतरात त्याची भर नगण्य असते. तो पाय टेकण्याच्या पहिल्या क्षणीचा तीक्ष्ण ठोका बोथट करतो आणि आवाज कमी करतो, आणि तेवढ्यासाठी तो घालण्याजोगा नक्कीच आहे. पण उतरण्याचा मुख्य भार प्लिए, म्हणजे गुडघे वाकवून घेण्याची क्रिया, आणि खालची जमीन हीच उचलतात.

फोम कुठे घालावा, याचेही उत्तर यातूनच मिळते. नर्तक उडीनंतर सहसा बोटे, चवडा आणि मग टाच अशा क्रमाने उतरतो, त्यामुळे चवड्याखाली आणि टाचेखाली पातळ थर उपयोगी पडतो. प्लॅटफॉर्मखाली मात्र जाड थर नको, कारण तेवढ्याशा जागेवर तोल सांभाळताना तळ जरासा जरी दबला तरी घोटा डगमगतो आणि नर्तिकेला जमीन जाणवेनाशी होते. जो थर दबून सावकाश वर येतो तो उसळी घेतानाही ऊर्जा खातो, म्हणून लवकर पूर्ववत होणारा फोम निवडावा. स्वस्त ईव्हीए फोम थोड्याच दिवसांत कायमचा चपटा होतो; पॉरॉनसारखा खुल्या छिद्रांचा पॉलियुरेथेन फोम बराच अधिक टिकतो. एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते: पॉइंट शूजवर पुष्कळ विचार झाला आहे, पण मुलगे आणि लहान विद्यार्थी जे कापडाचे किंवा चामड्याचे मऊ सपाट बूट घालून सर्वाधिक उड्या मारतात, त्यांत गादी जवळपास नसतेच. तुमच्या प्रकल्पाला सर्वांत मोकळे मैदान तिथे आहे.

साहित्याच्या बाबतीत मुंबईची हवा स्वतंत्र विचार मागते. खळीचा बॉक्स घामाने मऊ पडतो, आणि पावसाळ्यात तो रात्रभरात वाळतही नाही. दुसऱ्या दिवशी ओलसर बूट घालून उभे राहिले की भिंतींचा आधार गेलेला असतो आणि सगळा भार बोटांवर येतो. १९९३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये सुरू झालेल्या गेनर मिंडेन कंपनीने बॉक्स आणि शँक थर्मोप्लास्टिक इलॅस्टोमरचे, म्हणजे रबरासारख्या लवचिक प्लास्टिकचे, केले आणि आत यूरेथेन फोमचे अस्तर दिले. असे कवच घामाने विरघळत नाही, पण ते पायाच्या आकाराला खळीइतके वळतही नाही, त्यामुळे माप पहिल्याच दिवशी अचूक असावे लागते. माझी सूचना अशी की आतला मऊ थर कवचाला चिकटवू नका, तो काढता, धुता आणि बदलता येईल असा करा. कवच आणि गादी यांचे आयुष्य सारखे नसते, आणि परदेशातून मागवलेला महाग बूट केवळ आतली गादी बसली म्हणून टाकून देणे आपल्याकडच्या पालकांना परवडणारे नाही. वर्गाआधी व वर्गानंतर बूट स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून वजन करा. किती ग्रॅम घाम बुटात राहिला हे कळले की वाळवण्याची व्यवस्था किती हवी तेही ठरते.

जमिनीबद्दल न लिहिता हे उत्तर पुरे होणार नाही. आपल्याकडे पुष्कळसे वर्ग सोसायटीच्या किंवा शाळेच्या सभागृहात, काँक्रीटच्या स्लॅबवर बसवलेल्या लादीवर चालतात. त्यावर व्हिनाइलची चटई पसरली की पाय घसरत नाही, पण धक्का तसाच राहतो. लवचिक जमिनीत फोमच्या ठोकळ्यांवर किंवा लाकडी चौकटीवर प्लायवूडचे दोन थर आणि वर व्हिनाइल असते. युरोपात बंदिस्त क्रीडागृहांच्या जमिनींसाठी ईएन १४९०४ हे मानक आहे, आणि त्यानुसार जमिनीने काँक्रीटच्या तुलनेत धक्का किमान २५ टक्के कमी केला पाहिजे. इतके काम कोणत्याही बुटाकडून होणार नाही. बहिणीच्या वर्गाची जमीन पालथ्या मुठीने ठोकून पाहा, आणि ती दगडासारखी लागली तर उड्यांचा सराव तिथे कमी ठेवावा, असे शिक्षकांशी स्पष्ट बोला. नर्तकांमध्ये दुसऱ्या बोटामागच्या लांब हाडाच्या बुडाशी ताणाने तडा जाण्याची दुखापत ओळखीची आहे. पायाच्या मधल्या भागात टिकून राहणारे, दाबल्यावर नेमक्या एका जागी दुखणारे दुखणे असेल तर बुटात बदल करत बसू नका, अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा.

नमुना तयार झाल्यावर चाचणी स्वस्तातही होते. मोबाइलच्या स्लो मोशनमध्ये बाजूने चित्रण करून घोटा डगमगतो का आणि टाच पूर्ण टेकते का ते पाहा. प्लॅटफॉर्मखाली कार्बन पेपर व कोरा कागद ठेवून टोकावर उभे राहायला सांगा आणि ठसा कोणत्या बाजूला गडद उमटतो ते पाहा. आणि एका पायात जुना, दुसऱ्यात नवा थर घालून, कोणता कुठे आहे हे न सांगता, नर्तिकेचे मत विचारा. पहिला नमुना नवीन कवचापासून सुरू करू नका. बाजारात मिळणाऱ्या बुटाच्या आतला थर बदलून सुरुवात करा, कारण एका वेळी एकच गोष्ट बदलली तरच फरक कशामुळे पडला हे सांगता येते. फोमच्या शीटा आणि चिकटवण्याचे सोल्युशन धारावीत व ठक्कर बाप्पा कॉलनीत सुटे मिळते. तिथले कारागीर मापाच्या बाबतीत अतिशय काटेकोर असतात, म्हणून नुसते रेखाचित्र घेऊन जाण्याऐवजी तो कापलेला बूट सोबत न्या.