आईसाठी दुसरं मांजर आणावं का?

प्रश्न: आम्ही मेलबर्नला असतो. आई-बाबा आर्वीजवळच्या खेड्यात दोघंच. त्यांची मनी दिवाळीत गेली, आठवडाभरात तिचं पिल्लूही गेलं. आई म्हणते, "आता नको बाप्पा, जीव लागते." पण तिला करमत नाही. नागपुरातून एक पर्शियन पिल्लू गुपचूप पाठवावं का?

उत्तर: नका पाठवू. गुपचूप तर नाहीच, आणि पर्शियन तर त्याहून नाही. मे महिन्यात तिकडे पारा ४५ च्या घरात जातो. त्यात त्या लांब केसांना रोज कंगवा करायचा. दिवसभर कूलरपुढे बसवायचं पाहुणं आईच्या गळ्यात कशाला?

आधी मनी आणि तिचं पिल्लू कशानं गेली ते विचारा. उलट्या-जुलाब होऊन पाठोपाठ गेली असतील, तर पॅनल्युकोपेनिया हा मांजरांचा जीवघेणा संसर्गजन्य आजार असू शकतो. त्याचा विषाणू घरात वर्षभर तग धरतो आणि साध्या फिनाइलनं मरत नाही. फरशी ब्लीचच्या पाण्यानं पुसता येईल, शेणानं सारवलेल्या ओसरीचं काय करणार? अशा घरात लस पूर्ण झालेलं मोठं मांजरच आणावं. पिल्लाची लस सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होऊन सोळाव्या आठवड्यापर्यंत चालते.

दुसरा संशय उंदराच्या औषधाचा. दिवाळीच्या सुमारास घरात कापसाचा ढीग असतो, पुढे तुरीची पोती येतात, उंदीर माजतात आणि बाबा कोपऱ्यात औषध ठेवतात. ते खाऊन झिंगलेला उंदीर मांजराला आयताच सापडतो. तसं घडलं असेल, तर बाबांशी स्पष्ट बोला: औषध किंवा मांजर, घरात एकच.

आता आईच्या "नको"कडे वळू. त्यात दुःख आहेच, पण या वयात बहुतेकांच्या मनात आणखी एक गोष्ट असते, जी पोरांना सांगत नाहीत: आमच्यामागं त्याचं कोण पाहील? घरात नीट सांभाळलेलं मांजर पंधरा वर्षंही जगतं. "आम्ही घेऊन जाऊ" असं बोलून टाकू नका. भारतातून ऑस्ट्रेलियात मांजर थेट नेता येत नाही, मध्ये मान्यताप्राप्त देशात काही महिने ठेवावं लागतं. त्यापेक्षा शेजारच्या काकूंशी किंवा गावातल्या चुलतभावाशी बोलून ठेवा आणि मगच आईला विचारा. तरीही नको म्हणाली, तर विषय तिथंच सोडा. दर रविवारी फोनवर उकरून काढू नका.

हो म्हणाली, तर गावातलंच दोन-तीन वर्षांचं, उन्हाची सवय असलेलं मांजर बघा. पिल्लू पायात घुटमळतं, आणि म्हाताऱ्या माणसाचं पडणं महागात जातं. गावच्या ढोरांच्या दवाखान्यात मांजराची लस असेलच असं नाही, आधी फोन करा. नाहीतर नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा दवाखाना आहे. लस आणि नसबंदी एकाच फेरीत होईल का, तेही विचारा. गाडीभाडं तुम्ही भरा, आणि ते बाबांना आधीच सांगा. नाहीतर ते एसटीनं पिशवीत घालून नेतील.